एका तोफगोळ्याची साखळी

पाठपरिचय

आपल्या वापरातील बहुतेक वस्तू एका जागी तयार होत नाहीत. शर्टाचा कापूस एका गावचा, सूत दुसऱ्या गावचे, गुंडी तिसऱ्या शहरातील आणि शिलाई चौथ्या ठिकाणची असते. कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हातापर्यंत वस्तूचा जो प्रवास होतो, त्यातील सर्व दुव्यांना मिळून ‘पुरवठा साखळी’ म्हणतात. या साखळीत कोठे काय चालले आहे, हे संबंधितांना दिसले नाही तर काय घडते आणि ते दिसावे म्हणून काय करावे लागते, याचा परिचय प्रस्तुत पाठात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करून दिला आहे.

खमरियाचा कारखाना

नर्मदेच्या काठचे जबलपूर शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी प्रसिद्ध आहे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि आजही शहरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. जबलपूरची दुसरी ओळख म्हणजे संरक्षण उत्पादनाचे केंद्र. येथील तोफगाडा कारखाना १९०४ साली सुरू झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ च्या सुमारास, शहराच्या पूर्व भागात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर लष्करी वाहनांचा आणि लोखंडी ओतकामाचा असे आणखी दोन कारखाने शहरात आले.

खमरियाचा कारखाना मुख्यतः ‘भरणी’चा कारखाना आहे. बाहेरून आलेल्या धातूच्या कवचांत स्फोटक भरणे, त्यांना इतर भाग जोडणे आणि वापरण्याजोगा, पूर्ण दारूगोळा तयार करणे हे त्याचे काम. विमानातून टाकायचे बॉम्ब, विमानवेधी तोफांचे गोळे, चिलखती गाड्यांवरील तोफांचा दारूगोळा अशा अनेक वस्तू येथे तयार होतात. भरणीचा कारखाना साखळीच्या शेवटाकडे असतो. त्यामुळे मागच्या प्रत्येक दुव्याचे यश आणि अपयश अखेर त्याच्या दाराशी येऊन थांबते.

एक गोळा, पाच भाग

तोफेच्या एका पूर्ण गोळ्याचे ढोबळमानाने पाच भाग असतात. पहिला भाग म्हणजे लक्ष्यावर जाऊन आदळणारा, आत स्फोटक भरलेला गोळा. दुसरा, त्याच्या मागे बसवलेली पितळी किंवा पोलादी नळी. तिसरा, त्या नळीत भरलेली, गोळ्याला पुढे फेकणारी दारू. चौथा, ती दारू पेटवणारा छोटासा प्रायमर. पाचवा भाग म्हणजे फ्यूज. गोळा नेमका केव्हा फुटावा, हे फ्यूज ठरवतो. फ्यूज आकाराने लहान असला तरी त्याच्यावाचून गोळा म्हणजे नुसते वजन होय.

हे पाचही भाग एका छताखाली बनत नाहीत. पितळ आणि इतर बिनलोखंडी धातूंचे काम कटनीच्या कारखान्यात होते. धातूची कवचे आणि नळ्या नागपूरजवळच्या अंबाझरीत बनतात. फेकणारी दारू आणि स्फोटके भंडारा व इटारसी येथील कारखान्यांत तयार होतात. त्यांखेरीज पेट्या, आवरणे, रसायने, स्प्रिंगा आणि बारीकसारीक सुटे भाग पुरवणारे अनेक खासगी लघुउद्योजक या साखळीत असतात. जबलपूर ते नागपूर हे अंतरच सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचे आहे. शिवाय स्फोटके साध्या मालासारखी कोणत्याही गाडीत टाकून आणता येत नाहीत. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थाशेजारी ठेवायचा आणि कोणता अजिबात ठेवायचा नाही, याचे कडक नियम असतात.

सरासरी फसवते

समजा, एका महिन्यात एक हजार गोळे तयार करावयाचे आहेत. कवचे एक हजार आली. नळ्या एक हजार, प्रायमर एक हजार आणि दारूही हजारांपुरती आली. फ्यूज मात्र चारशेच आले. आता पाचही पुरवठादारांच्या कामाची सरासरी काढली, तर ती ८८ टक्के भरते. अहवालात हा आकडा समाधानकारक दिसेल. प्रत्यक्षात पूर्ण गोळे तयार होतील केवळ चारशे, म्हणजे ४० टक्के. उरलेल्या सहाशे गोळ्यांचे चार-चार भाग कोठारात पडून राहतील.

यावरून एक नियम लक्षात येतो. जोडणीच्या कामात उत्पादन सरासरीवर ठरत नाही, ते सर्वांत कमी आलेल्या भागावर ठरते. म्हणूनच प्रत्येक दुवा आपापल्या जागी उत्तम काम करीत असूनही संपूर्ण साखळी अपयशी ठरू शकते.

इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांची भीषण टंचाई झाली आणि त्यावरून राजकीय वादळ उठले. नव्या कारखान्यांतून लोखंडी कवचे मोठ्या संख्येने येऊ लागली, तरी फ्यूज आणि भरणी यांचा वेग मागे पडत होता. शेवटी लॉइड जॉर्ज यांच्या हाती दारूगोळ्याचे स्वतंत्र मंत्रालय सोपवण्यात आले आणि भरणीसाठी सरकारी कारखाने उभारावे लागले. एक शतक उलटल्यावरही हा प्रश्न जुना झालेला नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१७ साली संसदेत मांडला गेला. फ्यूजच्या तुटवड्यामुळे सैन्याकडील मोठ्या तोफांच्या दारूगोळ्याचा बराच मोठा हिस्सा प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत नाही, असे त्यात नमूद होते. गोळे होते, कोठारेही भरलेली होती; साखळीचा एक लहानसा दुवा तेवढा अपुरा होता.

आसुडाचे टोक

साखळीतील दुव्यांना एकमेकांचे दिसत नसले, म्हणजे आणखी एक विचित्र परिणाम घडतो. आसूड ओढताना मूठ थोडीशीच हलते, पण टोक जोराने फटकारते. मागणीचेही तसेच होते.

समजा, कोठाराकडून दरमहा शंभर गोळ्यांची मागणी असते. या महिन्यात ती ११० झाली. भरणी कारखान्याला वाटले, मागणी वाढू लागली. म्हणून त्याने दहा जास्त धरून १२० नळ्या मागवल्या. नळ्यांच्या कारखान्याला मूळ मागणी ठाऊक नाही, त्याला दिसल्या त्या १२०. त्याने आणखी वीस जास्त धरून १४० नळ्यांचे पितळ मागवले. पुढच्या महिन्यात कोठाराची मागणी पुन्हा शंभरावर आली. भरणी कारखान्याकडे दहा नळ्या शिल्लक होत्या, म्हणून त्याने ९० मागवल्या. नळ्यांच्या कारखान्याकडे वीस नळ्यांचे पितळ उरले होते, म्हणून त्याने केवळ ७० नळ्यांचे पितळ मागवले. कोठाराच्या मागणीत दहाचा फरक पडला; पितळाच्या मागणीत सत्तरचा! यात कोणीही आळस केला नाही, कोणी खोटेही बोलले नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला. चूक होती ती एवढीच की, कोठाराची मूळ मागणी कोणालाच दिसत नव्हती.

या परिणामाचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये आपल्या ग्रंथात मांडला. त्याची सर्वाधिक झळ साखळीच्या टोकाला असलेल्या लहान पुरवठादाराला बसते. एका महिन्यात त्याला रात्रपाळी लावावी लागते आणि दुसऱ्या महिन्यात कामगारांना घरी बसवावे लागते. कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याला तेवढेच असतात. जेथे नगागणिक मोबदला मिळतो, तेथे सुटे भाग न आल्याची किंमत कामगाराच्या पगारातूनही वसूल होते.

जास्त साठा हा उपाय का नाही?

‘प्रत्येक भाग भरपूर आणून ठेवावा, म्हणजे अडचण येणार नाही,’ असा सोपा उपाय कोणीही सुचवील. किराणा दुकानात तो काही अंशी चालेलही. दारूगोळ्याच्या कामात मात्र साठा म्हणजे केवळ गुंतलेला पैसा नसतो, तो धोकाही असतो. कोणत्या इमारतीत किती स्फोटक ठेवायचे, याची मर्यादा ठरलेली असते आणि दोन इमारतींत ठरावीक अंतर राखावे लागते. स्फोटकांना आणि फेकणाऱ्या दारूला आयुर्मर्यादा असते. काळानुसार त्यांचे गुणधर्म बदलतात.

३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द खमरियाच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांनी प्राण गमावले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यातील स्फोटातही कामगारांचा बळी गेला. या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचा संबंध एकाच दोषाशी जोडणे योग्य होणार नाही. तथापि, ज्या मालाशी या साखळीतील माणसांची रोज गाठ असते, तो किती निर्दय आहे हे त्यांवरून कळते. असा माल कोठे, किती, किती जुना आणि कोणत्या स्थितीत आहे याची अचूक माहिती असणे हा हिशेबाचा प्रश्न आहे, त्याचबरोबर तो जिवाचाही प्रश्न आहे.

दिसणे म्हणजे काय?

साखळी ‘दिसणे’ म्हणजे चार प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळणे : माल किती आहे, कोठे आहे, केव्हा येणार आहे आणि कोणत्या स्थितीत आहे? यांतील चौथ्या प्रश्नाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. फाटकातून आत आलेली पेटी तपासणीत उत्तीर्ण होईपर्यंत वापरासाठी उपलब्ध नसते. नोंदवहीत ‘आले’ आणि ‘वापरण्याजोगे आहे’ हे एकाच रकान्यात लिहिले, तर नोंद असूनही माहिती मिळत नाही.

दारूगोळ्याच्या कामात यासाठी ‘लॉट’ क्रमांकाची पद्धत आहे. एकाच प्रकारच्या कच्च्या मालापासून, एकाच प्रक्रियेने तयार झालेल्या मालाच्या गटाला एक क्रमांक देतात आणि तो मालावर व पेटीवर उमटवतात. पुढे सीमेवर एखादा गोळा सदोष निघाला, तर त्या क्रमांकाच्या आधारे मागे-मागे जाता येते. नेमका तेवढाच लॉट बाजूला काढता येतो, बाकीचा माल वापरात ठेवता येतो. क्रमांक पुसट असेल किंवा नोंद हरवली असेल, तर दोनच मार्ग उरतात : सगळाच माल थांबवणे किंवा धोका पत्करणे.

अशी व्यवस्था केवळ संगणकानेच होते, असे नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच काम करीत आले आहेत. डब्याच्या झाकणावरील रंग, अक्षरे आणि आकडे यांवरून डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरायचा आणि कोणत्या इमारतीत जायचा हे वाटेतल्या प्रत्येकाला कळते. तेथे माहिती मालाच्या अंगावरच प्रवास करते. हेच तत्त्व पुढे यंत्राला वाचता येईल अशा रेघांच्या रूपाने आले. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका दुकानात च्युइंग गमच्या पुडक्यावरील रेघांची पट्टी यंत्राने पहिल्यांदा वाचली. आज औषधाच्या पेटीपासून पुस्तकापर्यंत ती सर्वत्र दिसते.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांनाही हा धडा अनुभवातून मिळाला. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष आढळले आणि निर्यात संकटात सापडली. दोष कोणत्या बागेतला, हे शोधण्याची सोय नसल्यास एका बागेची शिक्षा सर्वांना भोगावी लागते. त्यानंतर २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. तिच्यात बागेची नोंदणी, प्रयोगशाळेची तपासणी आणि पेटीवरील क्रमांक एकमेकांशी जोडले गेले. त्यामुळे परदेशी पोहोचलेल्या पेटीवरून थेट मूळ बागेपर्यंत जाता येऊ लागले.

दिसल्यावर जोडणे

माहिती दिसणे ही पहिली पायरी. दुवे एकमेकांशी जोडले जाणे ही दुसरी. एकाच भागाला एका कारखान्यात ‘नळी’ आणि दुसऱ्यात ‘कवच’ म्हणत असतील, तर दोघांचे संगणक कितीही चांगले असले तरी हिशेब जुळणार नाही. म्हणून एका भागाला सर्वत्र एकच नाव आणि एकच सांकेतिक क्रमांक हवा. मोजणीचे एकक एकच हवे. मुख्य म्हणजे, शेवटच्या ग्राहकाची मागणी साखळीतील प्रत्येक दुव्याला एकाच वेळी कळावयास हवी. वरील उदाहरणात ‘कोठाराची मागणी ११० आहे’ एवढे पितळ पुरवणाऱ्यापर्यंत पोहोचले असते, तर आसुडाचे टोक इतके फटकारले नसते. त्याबरोबरच प्रत्येकाला आपले वेळापत्रक सर्वांत संथ दुव्याशी जुळवून घ्यावे लागते. फ्यूज चारशेच येणार, हे महिनाभर आधी कळले, तर उरलेल्या सहाशे नळ्यांचे काम पुढे ढकलून मनुष्यबळ दुसऱ्या कामाला लावता येते.

खमरियाच्या साखळीसमोर अलीकडे या दृष्टीने एक नवी परिस्थिती निर्माण झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. जबलपूरचाच ओतकामाचा कारखाना, तसेच कटनी आणि अंबाझरी हे कारखाने नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेले. तोफगाडा कारखाना आणि वाहन कारखाना आणखी दोन निराळ्या कंपन्यांत समाविष्ट झाले. अशा रीतीने एकाच शहरातील चार कारखाने चार कंपन्यांचे झाले. पूर्वी जी एका खात्यातील देवघेव होती, ती आता खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातील व्यवहार बनली.

या बदलाचे दोन पैलू आहेत. प्रत्येक कंपनीला आपला खर्च, आपली गुणवत्ता आणि आपली वेळ यांचा जाब द्यावा लागतो, त्यामुळे जबाबदारी स्पष्ट होते. उलट, कंपनीची हद्द ही माहितीचीही हद्द बनली, तर साखळी पुन्हा आंधळी होण्याचा धोका संभवतो. कारखान्यांची मालकी वेगळी असली, तरी गोळा एकच असतो. त्याच्या पाच भागांना कंपन्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

किती दाखवावे?

येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. दारूगोळ्याचा साठा किती आणि कोठे आहे, ही माहिती शत्रूच्या हाती लागली तर? साखळी उघडी करणे आणि गुपित राखणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी वाटतात. परंतु साखळी दिसणे म्हणजे सर्वांना सर्व काही दिसणे नव्हे. ज्याला ज्या निर्णयासाठी जेवढी माहिती हवी, तेवढी त्याला वेळेवर मिळावी, असा त्याचा अर्थ आहे. पेट्या बनवणाऱ्या लघुउद्योजकाला गोळे कोणत्या सीमेवर जाणार हे कळण्याची गरज नाही. पुढच्या तीन महिन्यांत किती पेट्या लागतील, हे मात्र त्याला कळलेच पाहिजे. व्यापारी कंपन्यांनाही हेच लागू पडते. प्रतिस्पर्ध्याला भाव कळू न देता पुरवठादाराला मागणी कळवता येते. गुप्ततेच्या नावाखाली अव्यवस्था झाकली जाऊ नये, एवढी दक्षता मात्र घ्यावी लागते.

कोणतीही यंत्रणा शेवटी नोंद करणाऱ्या माणसावर उभी असते. तपासणीत नापास झालेला लॉट ‘नापास’ म्हणून लिहिणारा तपासनीस, उशीर होणार हे लपवून न ठेवता आधीच कळवणारा पुरवठादार आणि पेटीवरचा क्रमांक नीट वाचून मगच ती आत घेणारा भांडारातील कर्मचारी हे त्या साखळीचे खरे डोळे होत. खमरियाच्या भरणीगृहातील कामगाराच्या हातात जेव्हा एक कवच येते, तेव्हा त्यापूर्वी ते किती हातांतून गेले आहे हे त्याला दिसत नाही. त्या सर्व हातांनी खरे लिहिले असेल, या विश्वासावर तो त्यात स्फोटक भरतो. पुढे सीमेवरचा जवान तोच विश्वास मनाशी धरून तो गोळा तोफेत घालतो.

स्वाध्याय

१. पाच पुरवठादारांच्या कामाची सरासरी ८८ टक्के असूनही पूर्ण गोळे ४० टक्केच का तयार झाले, ते स्पष्ट करा.

२. ‘आसुडाचे टोक’ या उदाहरणात कोणाचीही चूक नसताना नुकसान कसे झाले?

३. मुंबईचे डबेवाले आणि ‘ग्रेपनेट’ यांच्या पद्धतींत कोणते साम्य आहे आणि कोणता फरक आहे?

४. तुमच्या गावातील दूध संकलन, शिलाईकाम, विटभट्टी किंवा अन्य एखाद्या व्यवसायाची पुरवठा साखळी आखून दाखवा. तिच्यातील कोणता दुवा इतरांना दिसत नाही आणि त्यामुळे कोणाचे नुकसान होते, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.